स्वेन: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

१ जानेवारी १९८९, रविवार. सकाळी सात.

पाचचा गजर लावला होता. वाजला असावा.

नवीन डायरी, विमा एजंटने दिलेली. या वर्षीचे संकल्प. एक, रोज मेहरूण तलावापर्यंत फिरणे. दोन, 'सरोदे यांचे सुलभ इंग्रजी व्याकरण' जूनच्या आत पूर्ण करणे. गेली अकरा वर्षं मुदत जूनचीच आहे, पण तेव्हा अडचणी होत्या. तीन, कुंदाचा विचार न करणे.

तिसरा सर्वांत सोपा. केवळ नोंद म्हणून लिहितो. कुंदा ही आमची एकुलती एक मुलगी, नागपूरला टेलिफोन खात्यात होती. सप्टेंबरात तिने रजिस्टर लग्न केलं आणि आम्हाला पोस्टकार्डाने कळवलं. म्हणजे पोस्टमन वनाला माझ्या आधी कळलं. मुलगा ओरिसाचा, त्याच खात्यात ज्युनियर इंजिनियर, लोकनाथ स्वाईं. दोघं आता राउरकेल्याला. स्वाईं म्हणजे काय, हे बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. स्वाईन. डुक्कर. मी त्याच दिवशी इंदिरेला अर्थ सांगितला. ती दोन दिवस जेवली नाही.

वनाला सांगून ठेवलंय की यापुढे आमचं सगळं टपाल शाळेत माझ्या हातात द्यायचं. इंदिरेला उगाच मनस्ताप नको.

फिरायला उद्यापासून. आज रविवार.

४ जानेवारी, बुधवार

वनाने मधल्या सुट्टीत पाकीट दिलं. राउरकेल्याचं. उघडलं नाही. उघडणारही नाही.

पाकिटाच्या मागे मात्र इंग्रजीत नाव होतं आणि त्यातलं स्पेलिंग नजरेत भरलं. एस, डब्ल्यू, ए, आय, एन. डुकराचं स्पेलिंग हे नव्हे. उच्चार स्वेन. असा शब्द मी वाचल्यासारखा वाटतो, पण अर्थ आठवत नाही. शाळेच्या डिक्शनरीत नाही.

इंदिरेला चूक सांगायची गरज वाटत नाही. स्पेलिंग हा शिक्षकाचा अंतर्गत प्रश्न आहे.

९ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी वाचनालयात जाऊन मोठी डिक्शनरी काढली. व्याकरणाच्या कामासाठीच. सहज एस उघडलं गेलं.

स्वेन. जुना शब्द, आता वापरात नाही. अर्थ: खेडवळ तरुण, मेंढपाळ, गुराखी.

म्हणजे अंदाज फार चुकला नव्हता. फक्त प्राणी हाकणारा निघाला, प्राणी नव्हे. घरी येऊन इंदिरेला सांगितलं की जावयाच्या आडनावाचा नीट शोध घेतला, गुराखी आहे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "माह्या बापानंबी ढोरंच राखले सावद्याले. तरी तुम्ही त्याची पोरगी केलीच ना."

तिला संदर्भ समजत नाही. मग म्हणाली, "डुक्कर नाही ना मंग?" मी म्हणालो, नाही. तिने आज एक भाकरी जास्त खाल्ली.

जावई हा शब्द माझ्या तोंडून चुकून गेला. पुन्हा जाणार नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

दुसरं पाकीट. पहिल्याच्या शेजारी ठेवलं, व्याकरणाच्या फायलीत, 'अपवाद' या प्रकरणात. हे जरा जाड आहे. मी उजेडात धरून पाहिलं नाही. पाकीट खिडकीजवळ होतं, एवढंच.

वाचनालयात परत गेलो, कारण गेल्या वेळी नोंद अर्धवट उतरवली होती. त्याखाली दुसरा अर्थ आहे. प्रियकर. स्त्रीच्या मागे असलेला, तिच्यावर जीव लावून बसलेला तरुण. जुन्या कवितांत येतो म्हणे.

हा अर्थ घरी सांगितला नाही. घरात बाईमाणूस आहे.

स्टाफरूममध्ये मात्र विषय निघाला (मीच काढला, शब्दाच्या अंगाने) तेव्हा गणिताचे भिकन पाटील ऐकत होते. हे धुळ्याकडचे, गणितसुद्धा अहिराणीत शिकवतात. मी गुराखी आणि प्रियकर हे दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून दाखवले. त्यांनी विचारलं, "आडनाव जाऊ द्या सर. पोर कशी शे ते सांगा."

मी म्हणालो, बरी आहे.

"पत्र येस का?"

येतात, म्हणालो. खोटं नाही बोललो.

१८ फेब्रुवारी, शनिवार. धुळे.

इंग्रजी शिक्षकांचं शिबिर. सकाळच्या एसटीने आलो. दुपारी देवरे सरांना भेटलो. माझे कॉलेजचे प्रोफेसर, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, पण डिक्शनरी पाठ. विचारलं, सर, स्वेन.

ते हसले. म्हणाले, "फार दिवसांनी भेटला हा." मग सांगितलं की शब्द मुळात उत्तर युरोपातल्या खलाशांचा. आधी अर्थ नुसता पोरगा. मग सरदाराच्या मागे चालणारा, त्याचं सामान उचलणारा सेवक. मग खेड्यातला माणूस. मग कवींनी उचलला आणि प्रियकर केला. "सेवकाचा प्रियकर झाला बघ. शब्द चांगल्या घरी पडला म्हणायचं."

मी फक्त 'सेवक' वहीत लिहून घेतलं. नोकर. तीन अर्थांत सर्वांत उपयोगी हाच.

सर म्हणाले, कशाला हवाय? मी म्हणालो, व्याकरणासाठी. मग म्हणाले, "तुझी मुलगी गॅदरिंगला माझ्यासमोर इंग्रजी कविता म्हणाली होती. परकराला शाई लागली होती तिच्या. काय करते आता?"

म्हणालो, टेलिफोन खात्यात. एसटी चुकेल म्हणून लगेच निघालो. एसटीला दीड तास होता. स्टँडवर बसलो.

३ मार्च, शुक्रवार

तिसरं पाकीट आलं. यावर पत्ता इंदिरेच्या नावाने घातलाय. सौ. इंदिराबाई सरोदे. ही पत्त्यातली चूक आहे. घरचं टपाल कर्त्याच्या नावाने येतं. वना म्हणाला, "हे अक्काचं शे सर, घरी टाकू का?" मी म्हणालो, माझ्याकडे दे, मी घरीच चाललोय.

फाईलमध्ये ठेवलं. व्याकरण चौथ्या प्रकरणावर.

रात्री जेवताना इंदिरेने विचारलं, "पोरगीचं काही आलं का?" हे ती दर शुक्रवारी विचारते. मी म्हणालो, ओरिसाचं पोस्ट फार बेभरवशाचं.

माझा निश्चय कायम आहे. तिने येऊन पाया पडावं, चूक झाली म्हणावं, मग मी विचार करीन. विचार म्हणजे माफच करीन. पण आधी तिने यावं. न सांगता गेली, न बोलावता यावं.

१६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी पाच.

दहावीच्या परीक्षेचं सुपरव्हिजन. उन्हाने जीव नको झाला. सुटल्यावर स्टेशनसमोर बसून उसाचा रस घेतला, बर्फ घालून दोन ग्लास. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत इतकं निवांत वाटलं नव्हतं. कुंदाचा विचार सबंध दुपार आला नाही. संकल्प पार पडतो आहे.

२ एप्रिल, रविवार

महिना झाला, पत्र नाही. म्हणजे तिकडचा उत्साह संपला. मला अपेक्षित होतंच.

वनाला सहज विचारलं की राउरकेल्याकडची टपालगाडी वगैरे बंद आहे का. नाही म्हणाला.

इंदिरेने माळ्यावरून कुंदाचा जुना पाळणा काढून धुतला. का, विचारलं. म्हणाली, धूळ झाली होती. पोरगीचं लग्न झालं, आज ना उद्या लागंल. मी म्हणालो, आपल्याला काय करायचंय. तिने दोरी उन्हात वाळत घातली.

२३ एप्रिल, रविवार. दुपारी दोन.

सकाळी तार आली. तार घरीच येते, तारेला शाळेचा पत्ता सांगायचं मला सुचलं नव्हतं. कल्याणहून. कुंदा हॉस्पिटलमध्ये. मूल वारलं. या. लोकनाथ.

मी वाचून दाखवली. इंदिरा म्हणाली, "कोणाचं मूल?" मी पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा तिने कागद माझ्या हातातून घेतला. इंग्रजी तिला येत नाही. तरी बराच वेळ पाहत होती.

मग म्हणाली, "सातवा चालू असंल. काहून कळवलं नाही तिनं? मी गेली असती ना. काहून नाही कळवलं?"

मी म्हणालो, पोस्ट.

शेजारच्या बेबाबाईंच्या मुलाने सावद्याला फोन लावला. इंदिरेचा भाऊ मगन आला. दोघं दुपारच्या गाडीने गेले. मगन म्हणाला, चला दाजी. मी म्हणालो, बोर्डाचे पेपर आहेत, दोनशे शिल्लक, मुदत आहे. ते खरं आहे. दोनशे अकरा शिल्लक आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पत्रं उघडली. ब्लेडने, नीट.

पहिल्यात माफी मागितली आहे. आणि दिवस गेल्याचं लिहिलंय. जानेवारीतच.

दुसऱ्यात, तिला कळण्याची भाकरी आणि भरीत खावंसं वाटतं. तिकडे आपल्यासारखी वांगी मिळत नाहीत. लोकनाथने बाजारातून सहा जातीची आणली, एकही तशी नव्हती. त्याने गॅसवर भाजून पाहिली तर साल निघेना. असं दोन पानं.

तिसरं इंदिरेला आहे. मी ते इथे उतरवून ठेवतो.

"आई, डॉक्टरीणबाईंनी पूर्ण आराम सांगितलाय. आमचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पाणी खालून आणावं लागतं. हे आणतात, पण यांची कामाची पाळी असली की मलाच जावं लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून नाही, मला भीती वाटते म्हणून येते आहे. शेजारचं कुटुंब मुंबईला निघालंय, त्यांच्यासोबत हावड्याच्या गाडीने. १६ मार्चला दुपारी तीनच्या सुमाराला गाडी जळगावला येते. नानांचा राग असेल तर बोलू नका म्हणावं, नुसतं उभं राहा. तुमच्यापैकी एक जण जरी दिसलं तरी मी उतरेन. कोणी नसलं तर समजेन, आणि तशीच पुढे कल्याणला नणंदेकडे जाईन. तिची एकच खोली आहे, पण ती ये म्हणते."

१६ मार्चची नोंद वर आहे. मी पाहिली.

गाडी बहुधा लेट असणार. हावड्याच्या गाड्या लेट असतात. मी रस प्यायलो तेव्हा ती येऊन गेली नसेलही. किंवा आलेलीच नसेल. नक्की सांगता येत नाही.

८ मे, सोमवार

कल्याणला जायचं ठरवलं. तिकीट काढलं, शुक्रवारचं. काय बोलायचं याचा मसुदा केला. पेपरांचं काम, पोस्टाचा कारभार, माझं ब्लडप्रेशर, तिने सप्टेंबरात केलेली चूक (ही शेवटी, सौम्य शब्दांत). एकूण सहा मुद्दे.

खोलीला चुना मारून घेतला. कुंदाला इकडेच आणायचं. बाजारातून भरताची वांगी सांगून ठेवली. पाळणा बेबाबाईंकडे नेऊन ठेवला.

१२ मे, शुक्रवार

ब्लडप्रेशर. तिकीट परत केलं.

२० मे, शनिवार

इंदिरेचं कार्ड आलं, मगनच्या अक्षरात. कुंदा उठून बसते. जून लागल्यावर सगळे येऊ. माझ्याविषयी काही नाही. मगनला कार्डात जागा कमी पडली असावी.

वांगी दोन आठवडे आणतो आहे. भिकन पाटलांकडे देतो.

जावयाशी बोलायचं तर विषय हवा. स्वेन हा शब्द उत्तम. तिन्ही अर्थ आणि देवरे सरांनी सांगितलेला इतिहास, इंग्रजीत, एका कागदावर लिहून काढला. त्याला आपल्याच आडनावाची माहिती नसणार. कौतुक वाटेल. त्यातून बोलणं सुरू होईल.

११ जून, रविवार

आले. सकाळच्या गाडीने उतरले, संध्याकाळच्या हावडा गाडीचं रिझर्व्हेशन होतं. राहणार नव्हते. मला कोणी कळवलं नव्हतं.

कुंदा फार वाळली आहे. पाया पडली. मी मसुद्यातला पहिला मुद्दा सुरू करणार तोच म्हणाली, "नाना, व्याकरण कुठपर्यंत आलं?"

म्हणालो, चौथ्या प्रकरणापर्यंत.

"बरं," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ बसली. चुना मारलेल्या खोलीत गेली नाही. चहा झाल्यावर आपली कपबशी उठून विसळायला लागली, पाहुण्यांच्या घरी विसळतात तशी. लोकनाथने तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः विसळली. सावळा, बुटका, चष्मा. पायात कल्याणला घेतलेली रबरी चप्पल. तिला ऊन लागू नये म्हणून खुर्ची दोनदा सरकवली. फार बोलत नाही.

मी कागद काढला. इंग्रजीतून समजावून सांगितलं. त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला की सर, फार छान आहे, पण आमचा शब्द इंग्रजी नाही. स्वामीवरून आलाय असं गावात सांगतात, खरं-खोटं माहीत नाही. आजोबांच्या शाळेत कोणा क्लार्कने इंग्रजीत जसं लिहिलं तसं चाललंय. उच्चार स्वाईं. शेवटचा नाकात.

मी म्हणालो, असं होय.

तो म्हणाला, "कुंदा तुमच्या शब्दांबद्दल नेहमी सांगते." मग थांबला. "सांगायची," म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, पण काळ त्याने बरोबर बदलला.

दुपारी इंदिरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "पत्रं द्या."

फाईल काढून दिली. तिन्ही. तिसऱ्यावर तिचं नाव होतं, ते तिने आधी पाहिलं. उंबऱ्यात बसून, ओळीखाली बोट धरून वाचलं. चौथीपर्यंतच शिकलेली आहे, वेळ लागला. मी मध्ये एकदा म्हणालो, मी मुद्दाम नाही. तिने वर पाहिलं नाही. वाचून झाल्यावर घड्या पहिल्यासारख्या घातल्या आणि आपल्या पिशवीत ठेवल्या. मग लुगडी भरायला लागली.

विचारलं, किती दिवस?

"पोरीले बरं वाटेलोक," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "डाळ डब्यात हाये. कुकरची शिट्टी खराब हाये, पाहून घेजा."

मी स्टेशनवर गेलो. कोणी ये म्हणालं नव्हतं, नको पण म्हणालं नव्हतं. गाडी पस्तीस मिनिटं लेट. कुंदाला लोकनाथने आत नेऊन बर्थवर झोपवलं. बर्थ पलीकडच्या बाजूला होता. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो, गाडी सुटून सिग्नलपार जाईपर्यंत. ती खिडकीशी आली नाही. आडवी होती, तिला दिसलं नसेल. इंदिरेला दिसलं असावं.

सहा मुद्दे तसेच राहिले. कोणी विचारलंच नाही.

१९ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. कुकर भिकन पाटलांनी दुरुस्त करून दिला. टपाल पुन्हा घरच्या पत्त्यावर द्यायला वनाला सांगितलं. व्याकरणाचा मजकूर एकदा चाळला. बरीच उदाहरणं 'कुंदा इज अ गुड गर्ल' अशी आहेत. ती पाचवीत असताना लिहिलेली. बदलायला हवीत. आज नाही बदलली.

पत्र लिहायला बसलो. पाकिटावर आधी पत्ता घातला. त्याचा उच्चार आता नीट येतो. आत हवामानाविषयी लिहिलं, फाडलं. माझं चुकलं, असं लिहिलं. तेही फाडायला घेतलं, मग तसंच घालून टाकलं. एकच ओळ आहे. एवढ्यासाठी पाकीट वाया गेल्यासारखं वाटतं, पण पेटीत टाकलं.

५ जुलै, बुधवार. सकाळी साडेअकरा.

पंधरा दिवस झाले. सध्या मी टपालाच्या वेळेला दारात उभा असतो. शाळेतून अर्धी रजा. बोर्डाकडून पेपरांचं एक पाकीट यायचंय, असं वनाला सांगितलं होतं.

आज तो सायकल टेकवून म्हणाला, "सर, बोर्डाचं पाकीट आलं की मी आत आणून देसू. तुम्ही उन्हात नका उभे राहू."

मी म्हणालो, बोर्डाची वाट पाहत नाहीये वना. माझ्या मुलीचं पत्र यायचंय. राउरकेल्याहून. आडनाव स्वाईं आहे. मागे इंग्रजीत लिहिलेलं असेल, स्पेलिंग तुला सांगून ठेवतो.

तो म्हणाला, "माले माहीत शे सर. मांगला तिन्ही पत्रं मीच दिधेल ना तुमले."

मग सगळा गठ्ठा माझ्यासमोर एकदा पुन्हा चाळून पाहिला. म्हणाला, आज नाही.